शेकानंतरचा गळा

मी रेडिओलॉजिस्ट, म्हणजे स्कॅन वाचणारी डॉक्टर. गळ्याचा सीटी स्कॅन मी खालून वर बघते. श्वासनलिकेपासून सुरुवात केली की डोळ्यांना आधी साधं चित्र मिळतं: मधे हवेचं काळं वर्तुळ, भोवती पातळ भिंत, दोन बाजूंना थायरॉइड ग्रंथीचे उजळ भाग. थोडं वर सरकलं की क्रिकॉइडची कडी येते. स्वरयंत्रातल्या कूर्चांमध्ये ही एकटीच पूर्ण गोल. पुढे चिंचोळी, मागे रुंद. या कडीच्या आत हवेखेरीज काही दिसता कामा नये. दिसलं, तर तिथंच थांबायचं. आणखी वर अ‍ॅरिटेनॉइडच्या दोन इवल्या कूर्चा आणि त्यांच्यापासून पुढे निघालेले स्वरतंतू. हे तंतू पुढे जिथं एकत्र येतात, तिथं १ मिलिमीटरपेक्षा जाड मांस असलं तर संशय घ्यायचा, असं आम्हाला शिकवलेलं. त्याच्या वर खोट्या स्वरपट्ट्या, म्हणजे खऱ्या तंतूंवरच्या दोन घड्या, आणि त्यांच्या बाहेरच्या अंगाला, थायरॉइड कूर्चेच्या (गळ्यावर पुढे हाताला लागते ती) आतून, काळ्या चरबीची एक अरुंद पट्टी. दोन्हीकडे सारखी.

ही चरबी मला सगळ्यात जास्त उपयोगाची. सीटीत पाण्याचा आकडा ०, हवेचा उणे १०००, चरबीचा उणे १००च्या आसपास आणि स्नायूचा अधिक ५०च्या जवळपास. त्यामुळे चरबी काळी दिसते, कर्करोगाची गाठ राखाडी दिसते, आणि राखाडी काळ्यात घुसलं की लगेच कळतं. स्वरतंतूची गाठ वरून दुर्बिणीत जेवढी दिसते तेवढीच असेल असं नाही. ती आतल्या अंगानं, वरची त्वचा शाबूत ठेवून, या चरबीत उतरू शकते. कान-नाक-घशाचे डॉक्टर पृष्ठभाग बघतात, मी खोली बघते. अगदी लहान, वरवरची गाठ माझ्या चित्रात दिसतही नाही. तिथं त्यांचेच डोळे खरे. दोघांनी मिळूनच हा गळा समजून घ्यायचा असतो.

हे सगळं न शेकलेल्या, म्हणजे रेडिएशन न दिलेल्या गळ्याचं झालं. शेकलेल्या गळ्यात यातली जवळजवळ प्रत्येक खूण गोंधळात टाकते. लातूर, बीड, धाराशिवकडे रेडिएशनला लोक ‘शेक’ म्हणतात, कुणी ‘लाइट’ म्हणतात. मीही पेशंटशी बोलताना तेच म्हणते. तर शेक संपून दोन-तीन महिने झालेल्या माणसाचा स्कॅन उघडला की खोट्या स्वरपट्ट्या सुजलेल्या असतात. एपिग्लॉटिस, म्हणजे गिळताना श्वासाची वाट झाकणारा पडदा, जाड झालेला असतो. घशाच्या मागच्या भिंतीशी पाणी साठल्यासारखी पातळ पट्टी दिसते. आतलं अस्तर कॉन्ट्रास्टनंतर (स्कॅनसाठी शिरेत देतात ते औषध) नको तेवढं चमकतं. आणि माझी ती भरवशाची काळी चरबी धुरकट होऊन जाते. जाडी वाढणं, चरबी पुसली जाणं, उजळणं: गाठ ओळखायच्या म्हणून ज्या खुणा शिकलो, त्याच या. गाठ नसताना त्या दिसतात, कारण शेकानंच त्या केलेल्या असतात.

मानेच्या कातडीखालची चरबीसुद्धा बदलते. तिच्यात बारीक पांढऱ्या रेघा उमटतात. डोंगरावरून काळ्या रानाकडे बघावं आणि धुऱ्यांचं जाळं दिसावं तशा. स्वरतंतूची गाठ लहान असेल तर शेकाचा चौकोनही लहान असतो, साधारण ५ बाय ५ किंवा ६ बाय ६ सेंटिमीटर. अशा माणसाचं चित्र आडवं सोडून उभ्या कापात बघितलं, तर त्या रेघा कुठून कुठवर आहेत ते कळतं. वर जबड्याजवळ चरबी स्वच्छ, खाली हासळीजवळ स्वच्छ, मधे तेवढ्याच पट्ट्यात बदल. शेकाची हद्द चित्रात वाचता येते. मला याचं अजूनही नवल वाटतं. गाठ मोठी असली, मानेतल्या लसगाठींनाही शेक दिलेला असला, तर मात्र ही हद्द जबड्याखालपासून हासळीपर्यंत पसरते, लाळग्रंथी सापडतात, आणि पेशंटला कोरडी भाकरी पाण्याच्या घोटाशिवाय गिळता येत नाही.

हे का होतं ते मी पेशंटच्या मुलांना सांगते, आणि सांगितलं की त्यांची भीती थोडी उतरते असा माझा अनुभव आहे. शेकाचा मार गाठीच्या पेशींना बसतो तसा तिथल्या बारीक रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तरालाही बसतो. सुरुवातीच्या आठवड्यांत त्या वाहिन्या पाझरतात, पेशींच्या मधल्या जागेत पाणी साठतं. ते पाणी वाहून नेणाऱ्या लसवाहिन्याही दुखावलेल्या असतात, म्हणून सूज रेंगाळते. पुढच्या काही महिन्यांत तिथं तंतुमय पेशीजाल वाढतं, जागा घट्ट होते. हळूहळू नव्या केशवाहिन्या फुटतात, पाणी ओसरतं. बऱ्याच जणांत सूज उतरत जाते. काहींत थोडी जाडी कायमची राहते आणि त्यांना त्याचा काही त्रास होत नाही.

मग गाठ उरली आहे की शेकाची सूज आहे, हे ओळखायचं कसं? पहिली कसोटी समानतेची. शेक दोन्ही बाजूंना पोचतो, त्यामुळे सूज बहुधा दोन्हीकडे सारखी असते. एकाच बाजूला गोळा दिसला तर कान टवकारायचे. गोळा १ सेंटिमीटरपेक्षा लहान असेल तर लक्ष ठेवायचं. त्याहून मोठा असेल, किंवा शेकाआधीच्या गाठीच्या निम्म्यानंही आकार उतरला नसेल, तर गाठ उरल्याची शंका बळावते. दुसरी कसोटी काळाची. सूज महिन्यांबरोबर कमी व्हायला हवी. सहा महिन्यांनंतर ती वाढत चालली असेल, तर ते चांगलं लक्षण नाही. आणि काळाची कसोटी एका चित्रावर लागतच नाही. तिला दोन चित्रं लागतात.

मला या लेखात सांगायचं आहे ते एवढंच खरं तर. शेक संपल्यावर तीन ते चार महिन्यांनी एक स्कॅन व्हायला हवा, पेशंटला बरं वाटत असताना, आवाज सुधारलेला असताना. त्या स्कॅनमध्ये आजार शोधणं हा निम्माच हेतू. उरलेला हेतू असा, की या माणसाचा शेकलेला गळा कसा दिसतो याची नोंद राहावी. पुढे दोन वर्षांत कधीही शंका आली, तर ती नोंद समोर ठेवता येते. आजार परत उलटायचा असेल तर बहुतेक वेळा या पहिल्या दोन वर्षांतच उलटतो. फार घाई केली तरी उपयोग नाही. महिनाभरातच स्कॅन केला तर सूज शिगेला असते, आणि पेट स्कॅन, म्हणजे जास्त साखर खाणाऱ्या पेशी उजळून दाखवणारी तपासणी, तर बारा आठवड्यांच्या आत केला की सुजेलाच आजार समजून उजळून दाखवतो.

आमच्या मामांना हे पटवताना मला फार बोलावं लागलं. मामा लातूरच्या मोंढ्यात सौद्याच्या वेळी बोली पुकारायचे. आडतीपुढच्या सोयाबीनच्या ढिगापासून तुरीच्या ढिगापर्यंत, सकाळपासून, व्यापाऱ्यांच्या घोळक्यात उभं राहून. दसरा-दिवाळीत आवक वाढली की त्यांचा आवाज बसायचाच, आणि दिवाळी सरली की परत यायचा. घरात कुणी त्याचं काही मानत नसे. एका वर्षी तो परत आला नाही. ज्येष्ठमध झालं, हळदीचं दूध झालं, मिठाच्या गुळण्या झाल्या, कुणीतरी दिलेली चाटणं झाली. बिडी मात्र चालूच होती. घसा तीन आठवड्यांपेक्षा जास्त बसून राहिला तर दुर्बीण टाकून बघायला हवी, हे मी फोनवर सांगत होते आणि मामी म्हणत होत्या, “अगं, ओरडून ओरडून झालंय ते, सुगी सरू दे.” संक्रांत उलटून गेली. डाव्या तंतूवर गाठ होती, तिथून किंचित वर चढलेली, पण तंतू हलत होता. तपासायला काढलेल्या तुकड्याचा रिपोर्ट आला तो आम्हाला नको होता तोच: कर्करोग.

तरी त्यांचं नशीब बरं म्हणायला हवं. स्वरतंतूला लसवाहिन्या फार कमी असतात, त्यामुळे तिथली लहान गाठ मानेत लवकर पसरत नाही. आणि ती आवाजावरच बसत असल्यामुळे लवकर बोंब करते. घशाच्या दुसऱ्या कोपऱ्यात तेवढीच गाठ महिनोन्‌महिने मुक्यानं वाढली असती. एकाच तंतूपुरती गाठ असताना शेक दिला तर १०० पैकी सुमारे ९० जणांत ती आटोक्यात येते. मामांची त्याहून थोडी पुढची होती. तरी नुसता शेक पुरेल, शस्त्रक्रिया नको, आवाज राहील, असं डॉक्टरांनी सांगितलं. त्या वेळी मामा कितीतरी वेळ गप्प बसले. आवाज राहील एवढंच त्यांनी ऐकलं होतं, बाकी काही नाही, असं मामी नंतर म्हणाल्या.

शेक सोमवार ते शुक्रवार, सहा-साडेसहा आठवडे. तोंडावर आणि मानेवर जाळीचा प्लास्टिकचा मुखवटा बसवतात, तो गरम पाण्यात मऊ करून प्रत्येकाच्या चेहऱ्यावर घडवलेला असतो, म्हणजे मान रोज त्याच जागी येते. प्रत्यक्ष किरण काही मिनिटंच. पण त्या काही मिनिटांसाठी मराठवाड्यातल्या माणसाला शहरात खोली करावी लागते, किंवा नातेवाइकाकडे राहावं लागतं, किंवा रोज एसटीनं जावं-यावं लागतं. छत्रपती संभाजीनगरचं शासकीय कर्करोग रुग्णालय झाल्यापासून जालना, परभणी, हिंगोलीच्या माणसांना मुंबईची गाडी पकडावी लागणं कमी झालं. आमच्या इकडचे धाराशिव, परंडा, कळंबचे लोक पूर्वीपासून बार्शीला जातात. बार्शी तसं सोलापूर जिल्ह्यात, पण आजारी माणसाला जिल्ह्याची हद्द दिसत नाही. देशातली ग्रामीण भागातली पहिली कर्करोग नोंदणी १९८७मध्ये याच बार्शीत सुरू झाली, याचा मला मराठवाड्यात राहूनही अभिमान वाटतो. खेड्यातल्या माणसाचा आजार मोजला गेला, म्हणून तो आहे हे मान्य झालं.

शेक संपला, कातडी काळवंडली होती ती निवळली, आवाज हळूहळू उघडला. तीन महिन्यांनी मी स्कॅनचं काढलं तेव्हा मामा म्हणाले, “आता कशाला गं माय? आवाज आलाय, भाकरी जातीय, अजून काय पायजे?” त्यांच्या जागी मी असते तर मलाही असंच वाटलं असतं. आजार संपल्याच्या आनंदात पुन्हा त्या मशीनखाली जाऊन झोपायचं म्हणजे परत दार उघडून बघण्यासारखं वाटतं. त्यात सोयाबीन पेरणीला आलेलं. मी त्यांना एवढंच म्हटलं, की मामा, हा स्कॅन आजच्यासाठी नाही. पुढे कधी घसा बसला, तर मला घाबरायचं की नाही हे ठरवायला हा लागेल. भाचीला घाबरावं लागू नये म्हणून ते तयार झाले.

स्कॅनच्या टेबलावर काय होतं ते थोडं सांगते, कारण याचीच लोकांना धास्ती असते. आधी क्रिअ‍ॅटिनिन बघतात, म्हणजे मूत्रपिंडं कशी चालतात ते रक्तातून तपासतात, कारण आयोडिनचं कॉन्ट्रास्ट मूत्रपिंडांतून बाहेर पडतं. मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील, पूर्वी कुठल्या इंजेक्शननं अंगावर पित्त उठलं असेल, तर ते आधी सांगायचं. इंजेक्शन शिरेत गेलं की अंगातून गरम लाट जाते, काहींना लघवी झाल्यासारखं वाटतं. झालेली नसते. मान सरळ ठेवणं सगळ्यात महत्त्वाचं. मान जरा कलली तरी काप तिरका जातो, मग एका बाजूचा तंतू दिसतो आणि दुसऱ्या बाजूची खोटी पट्टी, आणि निरोगी गळाही डावा-उजवा वेगळा भासतो. म्हणून आमचे तंत्रज्ञ मान बसवायला जेवढा वेळ घेतात तेवढा प्रत्यक्ष स्कॅनला लागत नाही. तो काही सेकंदांचा असतो. तेवढ्या सेकंदांत संथ श्वास घ्यायचा, गिळायचं नाही, खोकायचं नाही. शेकलेल्या घशाला हेच अवघड. चिकट लाळ जमते आणि नेमका तेव्हाच गिळावंसं वाटतं. गिळलं की स्वरयंत्र वर उचललं जातं आणि चित्र हलतं. कधीकधी आम्ही दुसऱ्या फेरीत लांब ‘ई’ म्हणायला लावतो, त्यानं तंतू जवळ येतात आणि कुठला हलतोय, कुठला नाही, ते समजतं. पुकारणाऱ्या माणसाचा ‘ई’ काचेपलीकडे मला ऐकू येत नव्हता, नुसतं त्यांचं उघडलेलं तोंड दिसत होतं.

त्यांचा रिपोर्ट मी लिहिला नाही. नात्यातल्या माणसाचा स्कॅन दुसऱ्यानं वाचावा, असा मी स्वतःला घातलेला नियम आहे, आणि तो मला योग्य वाटतो. माझ्या सहकाऱ्यानं लिहिलं: दोन्ही खोट्या पट्ट्यांना सारखी सूज, एपिग्लॉटिस जाड, दोन्हीकडची चरबी धुरकट, वेगळा गोळा नाही, कूर्चा शाबूत, मानेत गाठी नाहीत, बदल शेकानंतर अपेक्षित असेच, पुढील तुलनेसाठी हा स्कॅन जपावा. शेवटचं वाक्य पेशंटच्या कागदावर मी सहसा पाहत नाही. ते प्रत्येक कागदावर असावं.

कारण जपणं हाच आमच्याकडचा खरा प्रश्न आहे. फिल्म घरात कुठं असतात? ट्रंकेत, गादीखाली, खुंटीला पिशवीत, दुकानातल्या फळीवर. पत्र्याच्या घरात उन्हाळ्यात त्या काळवंडतात, एकमेकींना चिकटतात. सीडीला ओरखडे पडतात, किंवा ती वाचायला घरात-दारात कॉम्प्युटर नसतो. काही वेळा फिल्म एका डॉक्टरांकडे दाखवायला म्हणून ठेवलेल्या असतात, तिथून परत आणायला कुणी गेलेलंच नसतं. आणि फिल्मवर तर निवडकच काप छापलेले असतात. सीडीवर सगळे असतात, मिलिमीटरभर जाडीचे, शेकड्यांनी. तुलना करायची तर मला ते सगळे हवे असतात. मी आता प्रत्येकाला सांगते: सीडी घेतलीत की त्याच दिवशी पोराच्या पेन ड्राइव्हवर, मोबाइलवर, कुणाच्या तरी लॅपटॉपवर, दोन ठिकाणी उतरवून ठेवा. फिल्म हरवली तर चालेल, ते हरवायला नको.

निलंग्याकडचे एक गृहस्थ आले होते. शेक होऊन वर्ष उलटलेलं, आवाज पुन्हा घोगरा, गिळताना दुखतं, श्वासाला घरघर. स्कॅनमध्ये डाव्या अंगाला चांगलीच जाडी, अ‍ॅरिटेनॉइडची कूर्चा मूळ जागेवरून सरकल्यासारखी, थायरॉइड कूर्चेची कड तुटकी, आणि कूर्चेलगत हवेचे दोन-तीन बारीक काळे ठिपके. आधीचा स्कॅन? झालाच नव्हता. शेकाआधीचा? केला होता, पण तो जिथं केला तिथं आता त्याची नोंद मिळेना. समोर एकच चित्र, आणि त्यातून दोन वेगळे अर्थ निघत होते. एक, गाठ परत आली आणि तिनं कूर्चा खाल्ली. दोन, शेकानं कूर्चेचा रक्तपुरवठा तुटला आणि ती मरून झडते आहे. या दुसऱ्याला आम्ही कॉन्ड्रोनेक्रोसिस म्हणतो. १०० शेकलेल्यांत फार थोड्यांना होतो, बहुधा पहिल्या वर्षात, पण कधी कित्येक वर्षांनीही. कूर्चेलगतची हवा आणि तुकडे होऊन कोसळलेली कूर्चा नेक्रोसिसकडे बोट दाखवतात. पण नेक्रोसिसच्या आडोशाला गाठ लपलेलीही असू शकते. कूर्चेचा तर आणखी एक घोळ आहे. वयाबरोबर तिचं हाड होतं, पण सगळीकडे एकसारखं नाही. जिथं हाड झालेलं नाही तो भाग सीटीत गाठीसारखाच राखाडी दिसतो. कूर्चेचा तेवढा भाग आधीपासूनच तसा होता का, हे जुनं चित्र असतं तर एका मिनिटात सांगता आलं असतं.

“तुकडा घ्या ना मग,” त्यांचा मुलगा म्हणाला. रास्त बोलला तो. पण शेकलेल्या स्वरयंत्रातून तुकडा घेणं साधं नाही. जखम भरायला रक्त लागतं, आणि तेच तिथं कमी असतं. खोलवर टोचलं तर नसलेला नेक्रोसिस सुरू होऊ शकतो, असलेला वाढू शकतो. शिवाय गाठ अस्तराखाली बेटाबेटांनी विखुरलेली असली तर घेतलेला तुकडा निर्मळ निघू शकतो आणि गाठ शेजारीच असते.

तुकड्यावर सगळा भार टाकता येत नाही, हे एकोणिसाव्या शतकातल्या एका गळ्यानं दाखवलं आहे. जर्मनीचा राजपुत्र फ्रेडरिक १८८७मध्ये आवाज बसल्याची तक्रार घेऊन डॉक्टरांपुढे बसला. मॉरेल मॅकेन्झी या इंग्रज डॉक्टरांनी घशातून तुकडे काढले, आणि ते तपासले साक्षात रुडॉल्फ विरखोव यांनी, ज्यांच्यापासून पेशींच्या आजाराचं शास्त्र सुरू झालं. विरखोव यांना त्यात कर्करोग सापडला नाही. शस्त्रक्रिया लांबली. १८८८च्या मार्चमध्ये फ्रेडरिक सम्राट झाला तेव्हा त्याला बोलता येत नव्हतं, आणि ९९ दिवसांच्या राज्यानंतर १५ जूनला तो स्वरयंत्राच्या कर्करोगानं गेला. क्ष-किरणांचा शोध त्यानंतर सात वर्षांनी, १८९५मध्ये लागला. डोक्याचा पहिला सीटी स्कॅन तर १ ऑक्टोबर १९७१ला, लंडनच्या विंबल्डनमध्ये, गॉडफ्री हाउन्सफील्ड यांच्या यंत्रावर. वर मी जे चरबीचे आणि पाण्याचे आकडे सांगितले, ते त्यांच्याच नावानं मोजतात. १८५४मध्ये मानुएल गार्सिया नावाच्या गाण्याच्या शिक्षकानं आरशांवर सूर्यप्रकाश पाडून स्वतःचे हलते स्वरतंतू पाहिले होते, तिथपासून हे सगळं आलं आहे. एका गाणाऱ्याला आपला आवाज कुठून निघतो ते बघायचं होतं.

निलंग्याच्या गृहस्थांचं पुढे असं झालं: पेट स्कॅन केला, तो उजळला, पण नेक्रोसिसमधली जंतुबाधाही उजळतेच, म्हणून त्यानं कोडं सुटलं नाही. आधी अँटिबायोटिक, स्टिरॉइड, श्वासाची काळजी, आणि मग भूल देऊन, नेमक्या जागांवरून, जपून तुकडे. गाठ निघाली नाही. ते अजून येतात, आवाज घोगराच आहे, पण गळ्यात नळी न घालता श्वास घेतात. त्या मधल्या आठवड्यांत त्यांच्या घरानं जे सोसलं, त्यातलं बरंचसं एका जुन्या सीडीनं वाचलं असतं असं मला ठामपणे वाटतं.

मामांवरही अशी वेळ आली. वर्षभरात आवाज पुन्हा बसला, दुर्बिणीत डाव्या अ‍ॅरिटेनॉइडवर सूज. मामींचा फोन आला तेव्हा त्या बोलू शकत नव्हत्या, मागून मामांचाच आवाज येत होता, “सांग तिला, नीट सांग.” नवा स्कॅन झाला. सहकाऱ्यानं दोन्ही स्कॅन शेजारी-शेजारी उघडले, काप काप जुळवून. खोट्या पट्ट्या पहिल्यापेक्षा पातळ. उजवीकडची चरबी बरीच निवळलेली, डावीकडची आधी होती तेवढीच. कूर्चा जशाच्या तशा. गोळा कुठंच नाही. वरवरची सूज तेवढी नवी होती. घशाच्या डॉक्टरांनी शांतपणे विचारलं, “बिडी?” मामांनी खाली बघितलं. शेकलेल्या अस्तराला धूर सोसत नाही. बिडी चालू राहिली की सूज महिनोन्‌महिने उतरत नाही, आणि गाठ परतण्याचा धोकाही वाढतो. त्यांनी टीएसएच ही थायरॉइडची रक्ततपासणीही करायला सांगितली, कारण मानेला शेक मिळालेल्यांत थायरॉइड मंदावतो, त्यानंही आवाज जड होतो, आणि ही तपासणी सहा ते बारा महिन्यांनी होत राहायला हवी. तुकडा घेतला नाही. सहा आठवड्यांनी दुर्बीण, तीन-चार महिन्यांनी पुन्हा स्कॅन, एवढं ठरलं. सूज उतरली. मोंढ्यात ते आता पुकारत नाहीत, आडतीवर बसून काटापट्ट्या लिहितात. ओरडायची मनाई आहे.

प्रत्येकाचं असं होत नाही, हेही सांगायला हवं. कधी दोन स्कॅन शेजारी ठेवले की गोळा वाढलेला स्पष्ट दिसतो. तेव्हाही पहिला स्कॅन उपयोगीच असतो, कारण त्यानं महिने वाचतात. गाठ वेळेवर सापडली तर काही जणांत स्वरयंत्राचा थोडाच भाग काढून भागतं. बाकीच्यांचं सगळं स्वरयंत्र काढावं लागतं. शेकलेल्या मानेतली ती शस्त्रक्रिया अवघड. टाके उशिरा भरतात, घशातून बाहेर वाट पडून लाळ झिरपायची भीती असते. पण माणूस जगतो, आणि बोलतोही. श्वासनलिका आणि अन्ननलिका यांच्यामधल्या भिंतीत एक छोटी झडप बसवतात. गळ्यावरचं भोक अंगठ्यानं मिटलं की फुफ्फुसातली हवा अन्ननलिकेत जाते आणि घशाच्या भिंती थरथरून आवाज निघतो.

तुळजापूरकडचे एक काका छातीच्या स्कॅनसाठी आमच्याकडे येतात, त्यांना अशी झडप आहे. त्यांच्या तोंडाचा आणि फुफ्फुसांचा आता संबंध उरलेला नाही. श्वास गळ्यातूनच. म्हणून त्यांच्या मानेवर चादर ओढायची नाही, आणि कॉन्ट्रास्टनंतर गरज पडलीच तर ऑक्सिजन नाकाला लावून काही होणार नाही, तो गळ्यावरच धरायला हवा. मागच्या खेपेला विभागात नवा मुलगा होता, त्यानं सवयीनं चादर हनुवटीपर्यंत ओढली. काकांनी ती स्वतःच खाली सारली, अंगठा गळ्यावर ठेवला आणि त्याला जवळ बोलावून सगळं समजावलं. हवा कुठून येते, कुठून जाते, मुखवटा कुठं धरायचा, अशा माणसाला ‘श्वास रोखा’ म्हटलं की काय करायचं असतं. पोरगा मान हलवत ऐकत होता. मग त्यांनी त्याला गाव विचारलं, आणि रेणापूर म्हटल्यावर तिकडं सोयाबीनला काय भाव लागला तेही.